सप्ताहाचा हप्ता होतो तेव्हा

१ जून २०२३. वॉशिंग्टनजवळ, पोटोमॅक नदीच्या काठी, मेरीलँडमधल्या नॅशनल हार्बरचा झगमगता मंच. फ्लोरिडातल्या लार्गो गावचा चौदा वर्षांचा देव शाह माइकसमोर उभा. समोरून शब्द येतो, ‘सॅमोफाइल’. याचं स्पेलिंग बरोबर सांगितलं की अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा त्याची, वर ५० हजार डॉलर. पोरगा घाई करत नाही. तो विचारतो, यात वाळू या अर्थाचं ग्रीक मूळ आहे का? आहे. आणि आवड, प्रेम या अर्थाचं? तेही आहे. मग तो एकेक अक्षर उच्चारतो. सुरुवात पी या अक्षराने, जे कानाला कुठेच ऐकू येत नाही.

सॅमोफाइल म्हणजे वाळूत रमणारा, रेताड जागी फोफावणारा जीव.

मला त्या मुलाच्या उत्तरापेक्षा त्याचे दोन प्रश्न जास्त आवडले. तो शब्द आठवत नव्हता, उलगडत होता. स्पर्धेसाठी जो शब्दकोश प्रमाण मानतात, त्या मेरियम-वेबस्टरच्या बृहद्कोशात सुमारे ४ लाख ७० हजार नोंदी आहेत. रोज शंभर शब्द पाठ करायचे म्हटलं तरी तेरा वर्षं लागतील, आणि स्पर्धा तर आठवीनंतर बंदच होते. म्हणजे पाठांतर हा मार्गच नव्हे. ही मुलं पाठ करतात ती मुळं. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी, ‘क्रोनो’ म्हणजे काळ, ‘ल्यूको’ म्हणजे पांढरा. शंभर-दोनशे मुळं हाताशी असली की आयुष्यात कधीही न पाहिलेला शब्दसुद्धा आपली जात-कुळी सांगू लागतो.

शब्द उच्चारून दाखवणारे झाक बेली २००३ पासून या स्पर्धेचे मुख्य उच्चारक आहेत. व्हरमाँट विद्यापीठात ते ग्रीक-लॅटिन शिकवतात, आणि १९८० साली हीच स्पर्धा त्यांनी स्वतः जिंकली होती. त्यांना जिंकवणारा शब्द होता ‘इल्यूक्युब्रेट’: लॅटिन मुळाप्रमाणे, रात्री दिव्याच्या उजेडात बसून काम तडीस नेणे. स्पर्धेची तयारी करणाऱ्या घरांवर पाटी लावायला याहून चांगला शब्द मिळणार नाही.

अशी घरं अमेरिकेत आपल्या लोकांची फार. १९८५ मध्ये बालू नटराजन हा मुलगा जिंकला, १९९९ मध्ये नूपुर लाला, आणि पुढे तर भारतीय नावांची रांगच लागली. १९८९ साली सुरू झालेलं नॉर्थ साउथ फाउंडेशन १९९३ पासून भारतीय वंशाच्या मुलांसाठी स्वतःच्या स्पर्धा घेतं. भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी संस्था ती, पण तिच्या स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची तालीमच ठरल्या. २०१९ मध्ये तर कमाल झाली. मध्यरात्र उलटली तरी कुणी हरेना, तेव्हा आठ जणांना एकत्र विजेते ठरवलं. त्यातली सात मुलं भारतीय वंशाची. त्यांच्यात एक आडनाव वाचून मी थबकलो: सुखटणकर. टेक्सासमधल्या डॅलसचा सोहम सुखटणकर. त्याचा शेवटचा शब्द होता ‘पेंडलोक’, म्हणजे झुंबराला किंवा दागिन्याला लटकणारा थेंबासारखा लोलक.

या पेंडलोकपाशी जरा थांबू. शब्द फ्रेंच, पण त्याच्या पोटात लॅटिनचं ‘पेंड’ आहे, म्हणजे लटकणे. घड्याळाचा पेंड्युलम लटकतो. गळ्यातलं पेंडंट लटकतं. कोर्टातली केस ‘पेंडिंग’ असते, तीही लटकलेलीच. ‘डिपेंड’ म्हणजे खाली लटकणे. आता मराठीत बघा. लंब् म्हणजे लटकणे. पेंड्युलमला आपण लंबक म्हणतो. केस प्रलंबित असते. आणि डिपेंडला आपला शब्द अवलंबून: अव म्हणजे खाली, लंब म्हणजे लटकणे. तुकडान् तुकडा जुळतो! पेंड आणि लंब यांचं रक्ताचं नातं नाही, तरी एखाद्याच्या आधाराने जगणाऱ्याला रोमन माणसानेही लटकताना पाहिलं आणि आपणही.

रोमन माणसाने पाहिलं एक आणि आपण पाहिलं दुसरं, असंही होतं. दंड वाकवून जो गोळा फुगवतात, तो रोमनांना कातडीखाली पळणाऱ्या उंदरासारखा दिसला. त्यांनी त्याला ‘मुस्कुलुस’ म्हटलं, म्हणजे छोटा उंदीर. त्यावरून इंग्रजीचं ‘मसल’. यातलं ‘मुस’ म्हणजे आपला मूषकच. मराठी माणसाला मात्र तिथे उंदीर दिसला नाही, बेडूक दिसला. म्हणून आपली पोरं दंडाची बेटकुळी काढून दाखवतात.

आता ती न ऐकू येणारी अक्षरं. इंग्रजी शिकताना प्रत्येक मराठी मुलाने कपाळावर हात मारलेला असतो. एफ हे अक्षर असताना फिलॉसॉफीत पी आणि एच कशाला? केमिस्ट्रीत सी-एच का? दोष इंग्रजांचा नाही. हे रोमन लेखनिकांचं काम, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं. जुन्या ग्रीक भाषेत तीन अक्षरं होती, फी, थीटा आणि खी. त्यांचे उच्चार प चा महाप्राण, त चा महाप्राण, क चा महाप्राण. म्हणजे आपले फणसातला फ, थव्यातला थ आणि खणातला ख. रोमनांच्या लिपीत असे वर्ण नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे पी लिहून पुढे श्वासाचा एच जोडला, टी पुढे एच, सी पुढे एच. पुढे ग्रीकांच्या तोंडातच फी ओठ-दातांत सरकून एफसारखा झाला. उच्चार गेला, लिखाण राहिलं. इंग्रजीतल्या पी-एचला आज तो प्राचीन उच्चार नाही. सॉक्रेटिसच्या अथेन्समधला ‘फिलोसोफिया’तला फ आज सहज काढू शकेल तो फणस म्हणणारा माणूस. (हल्ली आपल्याच शहरी मुलांचा फ एफकडे झुकतो आहे. रागावू नका, ग्रीकांचंही असंच झालं.)

म्हणूनच स्पर्धेतली मुलं आधी विचारतात, शब्द कुठल्या भाषेतला? उत्तर ग्रीक आलं, की फ ऐकू आल्यावर पी-एच, क ऐकू आल्यावर कदाचित सी-एच, मधल्या इ ला बरेचदा वाय, आणि सुरुवातीच्या स आधी मुका पी असू शकतो, ही शंका. देव शाहचा पी असा आला.

सगळ्यांत छळणारं स्पेलिंग मात्र डायरियाचं. दोन आर आणि लगेच एच, हा काय प्रकार? इथे खरी गंमत आहे. ‘वाहणे’ या अर्थाचं जे मूळ संस्कृतात स्रु आहे, ज्यातून आपले स्राव, स्रोत हे शब्द आले, तेच मूळ ग्रीकमध्येही होतं. पण ग्रीकांच्या जिभेवर र च्या आधीचा हा स टिकला नाही. शब्दाच्या सुरुवातीला त्याचा नुसता श्वास उरला. शब्दाच्या मध्ये आला तर तो शेजारच्या र मध्ये विरघळला आणि र दुप्पट झाला. रोमनांनी तो दुप्पट र आणि श्वास दोन्ही इमानाने उतरवून घेतले. डायरियातला तो जास्तीचा आर म्हणजे हरवलेल्या स चा सांगाडा आहे. ‘डाया’ म्हणजे आरपार, पुढे स्राव. आणि आपला वैद्य त्याच दुखण्याला म्हणतो अतिसार. १९९९ साली नूपुर लाला ज्या शब्दावर जिंकली तो ‘लॉगरिया’ही याच घरातला. ‘लॉगॉस’ म्हणजे शब्द, बोलणं. पुढे तोच स्राव. अर्थ, अखंड बडबड. तोंडाला लागलेला अतिसार म्हणा ना!

ग्रीकांची ही स वरची खप्पामर्जी इथेच थांबत नाही. शब्दाच्या सुरुवातीला स आणि पुढे स्वर, असं दिसलं की ग्रीक जीभ त्याचा ह करी. लॅटिनने स राखला, संस्कृतनेही राखला. सप्त ला लॅटिन सेप्टेम, ग्रीक हेप्टा. षट् ला सेक्स, हेक्सा. सम ला सिमिलिस, होमो. अर्धा या अर्थाच्या संस्कृत सामि ला लॅटिन सेमी, ग्रीक हेमी. इंग्रजीने दोन्ही घरांतून उधारी केली, म्हणून तिथे सेमिफायनलही आहे आणि गोलार्धाचा हेमिस्फिअरही. सप्टेंबर नववा महिना असून त्याच्या नावात सात का, हेही इथे कळतं. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत.

स चा ह करण्यात ग्रीक एकटे नव्हते. इराणी लोकांनाही हीच खोड होती. त्यांनी सिंधूला हिंदू केलं. सप्त त्यांच्याकडे ‘हप्त’ झाला आणि सात दिवसांचा हफ्ता फारसीतून आपल्याकडे आला. म्हणजे गावात हरिनाम सप्ताह बसतो तो सप्ताह आणि घराच्या कर्जाचा बँकेत भरायचा हप्ता, ही सख्खी भावंडं. एक घरीच राहिलं, दुसरं इराण फिरून पैशांचा हिशेब शिकून आलं. भूमितीतला हेप्टागॉन हे तिसरं भावंड, ग्रीसमध्ये वाढलेलं. हा नियम मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी वहीत एका ओळीत सप्ताह, हप्ता, हेप्टागॉन, सप्टेंबर असं लिहून बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आणि मग सर्प. सृप् म्हणजे सरपटणे. लॅटिनने स राखला, इंग्रजीत ‘सर्पंट’ आला. ग्रीकने ह केला: हर्प. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शास्त्राला हर्पेटॉलॉजी म्हणतात ते यामुळे. आता अंगावर सरपटत पसरणाऱ्या फोडांच्या दुखण्याला ग्रीक वैद्यांनी काय नाव दिलं असेल? हर्पीस. त्याचा एक प्रकार कमरेला पट्ट्यासारखा वेढा घालतो, म्हणून त्यात ‘झोस्टर’ जोडलं. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. हर्पीस झोस्टर म्हणजे कमरेला वेढणारी सरपट. मराठीत त्या रोगाला आपण काय म्हणतो? नागीण! नागिणीची दोन्ही टोकं मिळाली की माणूस दगावतो, ही खेड्यातली भीती तुम्हीही ऐकली असेल. ती खरी नाही. पण ज्या आजीबाईने हे नाव ठेवलं तिने ग्रीक पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि ग्रीक वैद्याने आजीबाईला पाहिलं नव्हतं. वेढा दोघांनी पाहिला.

ही नाती कुणी जुळवली? २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही. तिन्ही एखाद्या समान, बहुधा आता लुप्त झालेल्या उगमातून निघाल्या असाव्यात. अमेरिकेत मात्र ही बातमी पोचूनही मुरायला वेळ लागला. ज्यांचं नाव स्पर्धेच्या कोशावर आहे, त्या नोआ वेबस्टर यांनी १८२८ साली सत्तर हजार शब्दांचा कोश काढला. व्याख्या अप्रतिम, व्युत्पत्त्या मात्र मोडीत काढण्याजोग्या. जगाची एकच भाषा फुटून अनेक झाल्या असं सांगणारी बायबलमधली बाबेलच्या मनोऱ्याची कथा त्यांनी अक्षरशः खरी धरली आणि इंग्रजी शब्दांची मुळं ते प्राचीन खाल्डियन भाषेत शोधत बसले. जोन्स बोलून तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती. वेबस्टर वारल्यावर, १८६४ च्या आवृत्तीत, मान नावाच्या जर्मन पंडिताकडून सगळ्या व्युत्पत्त्या नव्याने लिहवून घ्याव्या लागल्या.

पुढे अमेरिकेने भरपाई केली. येल विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी १८८५ मध्ये संस्कृत धातूंचा कोश छापला आणि लगेच १८८९ पासून निघालेल्या ‘सेंच्युरी डिक्शनरी’ या प्रचंड इंग्रजी कोशाचे ते मुख्य संपादक झाले. इंग्रजीचा कोश करायला संस्कृतचा माणूस! १९६९ मध्ये हार्वर्डच्या कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी ‘अमेरिकन हेरिटेज’ कोशाला मुळांची पुरवणी जोडली. एका मुळाखाली त्याची इंग्रजीतली सगळी लेकरं. त्यातलं माझं आवडतं घर आहे भृ या धातूचं. भृ म्हणजे वाहणे, त्यातून आपला भार. ग्रीकमध्ये तो फेर, लॅटिनमध्ये फेर. ट्रान्सफर म्हणजे पलीकडे वाहून नेणे. फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहणारा. रेफर, प्रिफर, कॉन्फर, इन्फर, सगळ्यांच्या डोक्यावर तोच भार. फक्त पुढचा उपसर्ग वेगळा. संस्कृतच्या तासाला आपण हृ धातूचे विहार, संहार, प्रहार, उपहार केले होते, तोच खेळ. आपल्या शाळांत हा खेळ संस्कृतच्या तासाला संपतो आणि पुढच्या तासाला तीच मुलं इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकतात. दोन तासांमधली भिंत कुणी पाडत नाही, हे मला खटकतं.

तशी एक फट आपल्याकडे होती. नॉर्मन लुइस या अमेरिकन लेखकाचं १९४९ चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकापासून मुंबईच्या फूटपाथपर्यंत कितीतरी पिढ्यांनी ते घेतलं. त्यात शब्द शिकवतात ते मुळांवरूनच, आणि माणसांच्या स्वभावांचा धडा सुरू होतो ‘इगोइस्ट’पासून. लॅटिन इगो म्हणजे मी. संस्कृत अहम् चा हा भाऊ. मराठी वाचकाला हे कुणी सांगितलं असतं, तर पहिल्याच धड्यात अहंकार भेटला असता.

एक सावधगिरी मात्र हवी. सारखं दिसतं ते नात्यातलं असतंच असं नाही. लॅटिन ‘डेउस’ आणि आपला देव एका कुळातले. ग्रीक ‘थिऑस’ मात्र, अर्थ तोच आणि आवाजही जवळचा असून, त्या कुळातला नाही. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मधला ‘पीड’ मूल सांगतो, ‘पेडल’मधला पाय. होमो सेपियनचा ‘होमो’ लॅटिन माणूस आहे, होमोजीनसचा ग्रीक सम. आपल्याकडे व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं छातीठोक सांगणारी मंडळी आहेत. त्यांनी कान वापरला, नियम नाही. नातं सिद्ध होतं ते स चा ह नेमाने, शब्दामागून शब्द होताना दिसतो तेव्हा.

आणि काही शब्द नात्यातले नसून उसने असतात, तेही इकडून तिकडे नव्हे, तिकडून इकडे. आपला अस्सल वाटणारा केंद्र हा शब्द ग्रीक ‘केंट्रॉन’. ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. तिकडे त्याचंच इंग्रजी सेंटर झालं. ज्योतिषातला होराही ग्रीक, इंग्रजी ‘अवर’चा भाऊ. ‘ना छदाम’ म्हणताना आपण जो दाम काढतो, तो ग्रीकांचं ड्राक्मा नाणं. म्हणजे ‘केंद्र सरकारने दाम द्यावेत’ अशी मागणी करणाऱ्या मोर्चाच्या तोंडी दोन ग्रीक शब्द असतात.

अमेरिकेचा नकाशाही आता वेगळा दिसतो. ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगर, आपला पुर त्याचा भाऊ. इंडियानापोलिस, अ‍ॅनापोलिस ही कोल्हापूर, सोलापूरची चुलत भावंडं. मिनियापोलिसमध्ये तर ‘मिनी’ हा तिथल्या मूळ डकोटा लोकांचा पाण्यासाठीचा शब्द, त्याला ग्रीक शेपूट. मराठीत जलपूर म्हटलं असतं. आणि विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये वसवलेलं फिलाडेल्फिया. ‘अ‍ॅडेल्फॉस’ म्हणजे भाऊ, शब्दशः एकाच उदरातला, आपला सहोदर. त्यातला सुरुवातीचा ‘अ’ म्हणजे सह-सम मधल्या स च्याच घरचा, झिजून इतकाच उरलेला. सहोदरांवरच्या प्रेमाचं नगर.

त्यातलं प्रेम म्हणजे ‘फिलॉस’. फिलॉसॉफीतला, फिलाडेल्फियातला, देव शाहने माइकवर विचारून घेतलेला. वाहणे, सरपटणे, लटकणे, सात, सहा, देव, नगर, उंदीर, सगळ्यांची मुळं पंडितांनी खणून काढली. फिलॉसचं मूळ मात्र अजून कुणाला खात्रीने सापडलेलं नाही.